प्रति फ्रेम रुपये

२०२३च्या मे महिन्यातली गोष्ट. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नुकतेच परत गेले होते आणि मी नेहमीप्रमाणे पुढच्या वर्षाच्या वाचनाचे खोटे बेत आखत बसलो होतो. तेवढ्यात मुलाने माझ्यासमोर दोन छापील कागद ठेवले. "बाबा, एकदा नजर टाक. कुठे चुकतंय का ते सांग." मी मराठी शिकवतो. लोक माझ्याकडे वाचायला देतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत: प्रबंधाची प्रकरणे, नवोदितांच्या कवितांच्या वह्या, क्वचित एखाद्या निवृत्त स्नेह्याचे आत्मचरित्र. त्या कागदांवर मात्र एक तक्ता होता. तीन ओळी, अकरा रकाने, आणि शेवटच्या रकान्याचे शीर्षक: 'प्रति फ्रेम रुपये'.

चिरंजीवांना नोकरी लागून दोन वर्षे झाली होती. साठवलेल्या पगारातून त्याला संगणकावर गेम खेळण्यासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचे होते, आणि तेही अगदी वरच्या श्रेणीतले. रक्कम लाखाच्या वर जात होती. पैसे त्याचे होते, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच होता. वर्षभरापूर्वी पाहुण्यांसमोर मी सहज म्हणून गेलो होतो, की आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून बसणारा एक मुलगा आहे. सगळे हसले, तोही हसला, आणि त्यानंतर गेम या विषयावर तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. घरात बोलाचाली होती, पण ती दूध, वीजबिल आणि किल्ल्यांपुरती. तेव्हा हा तक्ता म्हणजे काय होते हे मला कळत होते. मी चष्मा लावला आणि तो गंभीरपणे वाचायला घेतला.

माझ्यासारख्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. चित्रपटातली चित्रे आधीच काढून ठेवलेली असतात. ती फक्त एकामागून एक दाखवायची. गेममधले चित्र आधी कुठेच नसते. खेळणारा मान वळवतो त्या क्षणी समोर काय दिसेल हे गणिताने काढावे लागते, आणि हे काम ग्राफिक्स कार्ड करते. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा. हे वाचून मी पहिल्यांदा मान वर केली. ज्याला मी वर्षानुवर्षे 'टाइमपास' म्हणत होतो, त्याच्यामागे सेकंदागणिक एवढा उद्योग चालतो याची मला कल्पना नव्हती.

तक्त्यातल्या तीन ओळी तीन कार्डांच्या होत्या. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९०, ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेले, १५९९ डॉलर. त्याच कंपनीचे आरटीएक्स ४०८०, नोव्हेंबर २०२२, ११९९ डॉलर. आणि एएमडीचे रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स, डिसेंबर २०२२, ९९९ डॉलर. डॉलरचे रुपये करताना त्याने एक गोष्ट नेमकी धरली होती. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत विक्रीकर नसतो. आपल्याकडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. डॉलर ८२ रुपयांचा धरून त्यावर कर चढवला, की ४०८० सुमारे १ लाख १६ हजारांना पडते, ७९०० एक्सटीएक्स ९६ हजार ७०० ला आणि ४०९० १ लाख ५५ हजारांना. त्यापुढे आणखी दोन रकाने होते. ही कार्डे अनुक्रमे ३२०, ३५५ आणि ४५० वॉटपर्यंत वीज खातात, त्याच्या कॅबिनेटमधला जुना एसएमपीएस ५५० वॉटचा होता, म्हणून नव्या एसएमपीएसचा खर्च. आणि वर्षभराच्या विजेचा अंदाज. किंमत म्हणजे वेष्टनावर छापलेला आकडा नव्हे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. प्रबंधाच्या प्रास्ताविकात एवढी सावधगिरी मला क्वचित आढळते.

मग कामगिरी. त्याने परीक्षणे करणाऱ्या अनेकांचे आकडे एकत्र करून ४०८० ला १०० गुण दिले होते. फोर-के पडद्यावर, नेहमीच्या पद्धतीने चित्र काढणाऱ्या गेममध्ये, ७९०० एक्सटीएक्स १०२ च्या आसपास, म्हणजे जवळपास बरोबरीचे. ४०९० साधारण १२८. आता भागाकार केला की एका गुणाला ४०८० साठी ११६० रुपये पडतात, ४०९० साठी १२१० च्या आसपास आणि ७९०० एक्सटीएक्ससाठी ९५०. निकाल स्वच्छ होता, तिसरी ओळ जिंकत होती. पण त्याखाली त्याने पेन्सिलने एक टीप लिहिली होती, आणि ती मला तक्त्याहून अधिक आवडली.

टीप अशी होती: आधीच्या पिढीत, २०२० मध्ये, आरटीएक्स ३०८० हे कार्ड ६९९ डॉलरला होते आणि त्याच्या वरचे ३०९० हे १४९९ ला. दुपटीहून अधिक पैसे मोजून वेग वाढायचा तो दहा-पंधरा टक्के. वरचे कार्ड घेणे म्हणजे हौस, हे सगळ्यांना उघड दिसत होते. पुढच्या पिढीत ८० क्रमांकाच्या कार्डाची किंमत एकदम ११९९ वर नेली. त्याचा परिणाम असा झाला, की १५९९ चे ४०९० अचानक शहाणपणाचे वाटू लागले. वरची वस्तू स्वस्त झाली नव्हती. खालची महाग झाली होती, आणि शेजारामुळे वरचीला प्रतिष्ठा आली होती. "तुलना कुणाशी करायची हे विकणाराच ठरवतो," असे त्याने लिहिले होते. एखाद्या सामान्य कादंबरीला त्याहून सामान्य कादंबऱ्यांच्या रांगेत उभे करून थोर ठरवण्याची रीत आम्हां मराठीच्या लोकांना अपरिचित नाही.

नावांचाही असाच खेळ झाला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये ४०८० या एकाच नावाने दोन कार्डे जाहीर झाली, एक १६ जीबी स्मृतीचे आणि एक १२ जीबीचे. वाटावे की फरक फक्त स्मृतीचा. प्रत्यक्षात १२ जीबीच्या कार्डातली चिपच वेगळी आणि कमी ताकदीची होती. ओरड झाली, तेव्हा ऑक्टोबरात कंपनीने ते मागे घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय या नावाने ७९९ डॉलरला आणले. वस्तू तीच, नाव बदलले आणि किंमत शंभर डॉलरनी उतरली. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे की संकेताने ठरलेला, यावर आपल्याकडे शतकानुशतके वाद झाले. इथे तो वाद चार महिन्यांत आणि रोख रकमेत निकाली निघाला.

सगळे वाचून झाल्यावर मी जो प्रश्न विचारला तो अज्ञानातून आलेला होता. "ही जी सरासरी आहे, ती कशाची?" त्याने खुर्ची ओढली आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी सलग दहा मिनिटे बोलला. सरासरी फसवी असते, हे या क्षेत्राला बऱ्याच उशिरा कळले. सेकंदाला ६० फ्रेम म्हटले की आपण समजतो, प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत आली. पण समजा ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एकीला ११५ लागले, तरी बेरीज एक सेकंदच होते आणि सरासरी ६०च राहते. आकडा निर्दोष, आणि खेळणाऱ्याला मात्र ठेच लागलेली. स्कॉट वॉसन या परीक्षकाने २०११ साली 'इनसाइड द सेकंड' या लेखात हे दाखवून दिले आणि प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजायला सुरुवात केली. तेव्हापासून चांगल्या परीक्षणात सरासरीच्या शेजारी सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा असतो आणि खाली एक नागमोडी रेघ असते, प्रत्येक फ्रेमच्या वेळेची. "बघायचं ते रेघेकडे," तो म्हणाला. "वरचा आकडा सगळेच छापतात."

ती नागमोडी रेघ पाहून मला एकदम अण्णा आठवले.

माझे वडील साताऱ्याला एसटीत नोकरीला होते. मी पुण्यात शिकत होतो, पुढे तात्पुरती अधिव्याख्यात्याची जागा मिळाली, आणि दुसऱ्या पगारात मी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे दोन खंड जुन्या बाजारातून घेतले, आदिपर्व आणि सभापर्व. ते घेऊन घरी गेलो. अण्णांनी किंमत विचारली, मी सांगितली. त्यांनी सभापर्वाचा खंड मध्येच उघडला आणि बराच वेळ पाहत राहिले. ज्यांनी ती आवृत्ती पाहिली आहे त्यांना ते पान डोळ्यांसमोर येईल. वर थोडे श्लोक आणि खाली निम्मे पान भरून बारीक अक्षरात पाठभेद: कोणत्या हस्तलिखितात कोणता शब्द, कुठे काय जास्त, कुठे काय गळले. जिथे संपादकाला आपल्या पाठाची पुरती खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. अण्णा म्हणाले, "वर चार ओळी आणि खाली सगळी किरटी अक्षरं. एवढे पैसे त्या खालच्या अक्षरांचे का रे?" मी वैतागून म्हणालो, "अण्णा, तुम्हाला नाही कळायचं ते." त्यांनी पुस्तक मिटले आणि मांडीवर ठेवून दिले.

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर 'हो' एवढेच होते. पैसे खालच्या अक्षरांचेच होते. वरचे श्लोक कुठल्याही स्वस्त पोथीत मिळाले असते. १९१९ पासून १९६६ पर्यंत पुण्यात जे काम चालले, ते त्या खालच्या अर्ध्या पानाचे काम होते. मी हे त्यांना सांगू शकलो असतो आणि त्यांना ते नक्की कळले असते; कारण गाडीची वेळ फलकावर एक असते आणि रस्त्यावर दुसरीच, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? मी सांगितले नाही. आणि आता माझा मुलगा मला खालची रेघ दाखवत होता, न वैतागता.

पुढचे दोन आठवडे आम्ही जेवताना याच विषयावर बोलत होतो. त्याने मला एक जुनी हकीकत सांगितली. २००१ मध्ये एटीआय या कंपनीच्या रेडिऑन ८५०० कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये अशी सोय असल्याचे उघड झाले, की 'क्वेक ३' हा गेम सुरू झाला आहे हे ओळखून चित्राचा दर्जा गुपचूप थोडा उतरवायचा, म्हणजे वेग वाढतो. त्या काळी क्वेक ३ ही सर्व परीक्षकांची ठरलेली कसोटी होती. कोणीतरी गेमच्या फाइलमधले क्वेक हे नाव बदलून 'क्वॅक' केले. गेम तोच, पण वेग लगेच उतरला आणि चित्र सुधारले. परीक्षक ओळखून लिहिलेली उत्तरपत्रिका मी दरवर्षी तपासतो. नाव झाकून तपासणी करण्याची पद्धत विद्यार्थ्यांसाठी आहे; इथे परीक्षेलाच नाव बदलून जावे लागले होते.

सर्वांत जास्त वाद मात्र झाला तो निर्माण केलेल्या फ्रेमवरून. ४०९० आणि ४०८० या कार्डांबरोबर एक नवी युक्ती आली होती. कार्ड दोन खऱ्या फ्रेम काढते आणि त्यांच्या मधली एक फ्रेम अंदाजाने तयार करून घुसवते. आकडा फुगतो, हालचाल गुळगुळीत दिसते. पण मधली फ्रेम तयार करायची तर पुढची खरी फ्रेम हातात यावी लागते, म्हणजे ती दाखवण्याआधी थांबावे लागते. त्यामुळे डोळ्याला वेग वाढल्यासारखा वाटतो आणि हाताला तो तसा जाणवत नाही. बटण दाबणे आणि पडद्यावर काही घडणे यांतले अंतर उलट थोडे वाढते. मी म्हणालो, "याला आमच्यात प्रक्षेप म्हणतात." आणि त्याला सभापर्व काढून दाखवले. द्यूतसभेत द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे श्लोक, जे प्रत्येक कीर्तनात आणि प्रत्येक चित्रात आहेत, ते या आवृत्तीत मूळ पाठात नाहीत. ते खाली, चांदणीचे चिन्ह लावून दिलेले आहेत.

त्याने पान पाहिले आणि म्हणाला, "पण बाबा, लोकांना तेच आवडतं ना?" हे मला अपेक्षित नव्हते. पण तेही खरे आहे. प्रक्षेप वाईट नसतो. कधीकधी मूळापेक्षा तोच अधिक प्रेमाने जपला जातो. निवांत डोंगर-दऱ्या पाहत हिंडायचे असेल तर घुसवलेल्या फ्रेमने काही बिघडत नाही. आक्षेप एवढाच, की तिच्यावर चांदणी हवी. मोजताना ती मूळात धरू नये. पुढे, जानेवारी २०२५ मध्ये, लास व्हेगासच्या प्रदर्शनात एनव्हिडियाच्या प्रमुखांनी ५४९ डॉलरचे नवे ५०७० हे कार्ड ४०९० ची कामगिरी देईल असे सांगितले, तेव्हा आम्हां दोघांनाही लगेच कळले की चांदणी गळली आहे. नव्या पद्धतीत एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत घुसवलेल्या फ्रेम येत होत्या. त्या वगळून मोजले तेव्हा ते कार्ड ४०९० च्या बरेच मागे राहिले.

परत २०२३ कडे. जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे नाव असले तरी ते नाव घेऊन तिथे कोणी जात नाही. मुलाच्या खिशात तक्ता होता. दुकानातला पोरगा त्याच्याहून लहान असावा. त्याने तिन्ही कार्डांचे भाव सांगितले, ते तक्त्यापेक्षा चार-पाच हजारांनी वर होते, आणि मग अगदी सहज विचारले, "मॉनिटर कुठला आहे?"

माझ्या मुलाचा चेहरा पडला. त्याला हे माहीत नव्हते असे नाही. त्याने ते बाजूला ठेवले होते. घरी जो मॉनिटर होता तो जुना, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा. कार्डाने सेकंदाला दोनशे फ्रेम काढल्या तरी तो पडदा साठच दाखवणार. परीक्षणे फोर-केवर आणि बाजारातला सर्वांत वेगवान प्रोसेसर लावून केली जातात, त्याचे कारण सरळ आहे: लहान पडद्यावर काम इतके हलके होते की प्रोसेसरच मागे पडतो, आणि महागडी कार्डे एका रांगेत येऊन उभी राहतात. फरक दिसावा म्हणून कसोटी अवघड केलेली असते. त्यात लबाडी काही नाही. पण ती कसोटी आमच्या घरात नव्हती. आमच्या घरच्या पडद्यापुरते पाहिले तर तिन्ही ओळींचा निकाल जवळजवळ एकच होता, आणि अकरा रकान्यांमध्ये आमच्या घरचा पडदा कुठेही नव्हता.

आम्ही काही न घेता बाहेर पडलो आणि समोरच्या हॉटेलात चहा घेतला. तो गप्प होता. मला वाटले, आता मी काहीतरी शहाणपणाचे बोललो तर सगळे संपेल. म्हणून मी फक्त विचारले, "तू स्वतः कोणते गेम खेळतोस?" परीक्षकांच्या यादीत दहा-बारा गेम असतात. त्यांतले तो खेळत होता तीन, आणि त्या तिघांतही जीव एकातच होता: डिसेंबर २०२० मध्ये आलेला 'सायबरपंक २०७७'. तोही त्याला पाहायचा होता रे ट्रेसिंग लावून, म्हणजे प्रकाशाचा किरण नेमका कुठे आपटून कुठे जातो याचे गणित करून काढलेल्या चित्रात. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत किरणाचा माग उलटा, डोळ्यापासून वस्तूकडे काढतात. नेत्रातले तेज बाहेर जाऊन वस्तूला भिडते, असे आपले नैयायिक म्हणत. भौतिकशास्त्राने त्यांना खोटे ठरवले, पण गेमच्या पडद्यावर त्यांचेच चालते. अशा जड रे ट्रेसिंगमध्ये ७९०० एक्सटीएक्सची कामगिरी ४०८० च्या सुमारे दोन-तृतीयांशावर येत होती. त्याने चहाच्या बशीशेजारी तक्ता उलटा करून नवा भागाकार मांडला. ४०८० चे ११६०च राहिले. ७९०० एक्सटीएक्सचे साडेचौदाशेच्या आसपास गेले. जिंकलेली ओळ हरली होती. एकही आकडा चुकलेला नव्हता. फक्त वाचणारा बदलला होता.

मी वर्गात सहृदय ही संकल्पना पंचवीस वर्षे शिकवतो. रस काव्यात पडून नसतो, तो सहृदयाच्या ठिकाणी प्रतीत होतो, हे अभिनवगुप्ताचे म्हणणे विद्यार्थी परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मीही बहुधा विसरलो होतो. नाहीतर 'यात काय मिळतं तुला?' हा प्रश्न मी उपहासाने न विचारता कुतूहलाने विचारला असता. किंमत दुकानात ठरते, तिची तुलना करता येते. कामगिरी मात्र कार्डात नसते. कार्ड, पडदा, तो एक गेम आणि तो एक डोळा यांच्यामध्ये ती घडते. म्हणून तक्ता निरुपयोगी ठरत नाही. तक्ता नसता तर आम्ही एखाद्या नावाला भुललो असतो. पण त्याचा शेवटचा रकाना ज्याचा त्याने भरायचा असतो, आणि तो भरण्याआधी आपण कोण आहोत आणि काय पाहतो हे कबूल करावे लागते. समीक्षकाला हे कठीण जाते, हे मी स्वतःवरून सांगतो.

उरला प्रश्न पैशांचा. कार्ड, एसएमपीएस आणि नवा मॉनिटर मिळून रक्कम त्याच्या साठवणुकीबाहेर जात होती. खालच्या श्रेणीतले कार्ड घेऊन मॉनिटर बसवणे हा हिशेबी मार्ग होता, आणि मी तोच सुचवणार होतो. मग आठवले, की सभापर्वाचा तो खंड घेतल्यावर पुढची अकरा वर्षे मी त्यातली खालची अक्षरे नीट वाचली नव्हती. तरीही तो घेतला नसता तर मी झालो तो मास्तर झालो नसतो, असे मला वाटते. या वाटण्याला आकडा देता येत नाही. मी म्हणालो, "कार्ड तुझं. पडदा मी घेतो." सत्तावीस इंची, २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा, सेकंदाला १६५ चित्रे दाखवणारा. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि कप बाजूला सारला.

त्या रात्री त्याने मला शेजारी बसवून ते शहर दाखवले. पाऊस पडून गेलेला रस्ता, डबक्यात निऑनच्या पाट्या, आणि आपण पुढे सरकलो की त्या पाट्या पाण्यात नेमक्या तेवढ्याच सरकतात. मला गेम कळला नाही, अजूनही कळत नाही. पण तो डबक्यापाशी थांबला आणि म्हणाला, "हे बघायचं होतं," तेव्हा कशाचे पैसे मोजले ते मला कळले.

अण्णांचे एक सांगायचे राहिले. त्या सुट्टीत मी पुण्याला परत निघालो तेव्हा दोन्ही खंडांना खाकी कागदाची कव्हरे घातलेली होती. कोपरे नीट मुडपलेले, कण्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात पर्वाचे नाव. त्यांनी मला काही सांगितले नाही, मी काही विचारले नाही. कार्डाचे रिकामे खोके मुलाने माझ्या कपाटावर, त्या खंडांच्या वर ठेवले आहे. वॉरंटीसाठी ठेवावे लागते म्हणतो. कपाटाची शोभा जाते, पण मी ते हलवलेले नाही.